जांबोटीहून उद्यमबाग, रोज ७० किलोमीटर: कोणती ड्युअल-स्पोर्ट घ्यावी आणि सुपरमोटो करावी का?

प्रश्न खानापूर तालुक्यातल्या एका तरुणाचा आहे. जांबोटीच्या पुढे डांबरी सोडून आत ४ किलोमीटरवर गाव, नोकरी बेळगावच्या उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये, शिफ्ट ड्युटी. जाऊन-येऊन रोज ७० किलोमीटर. उंची ५ फूट ५ इंच. महिन्यातून दोनदा आईला मागे बसवून बेळगावला दवाखान्यात आणावं लागतं. बजेट ऑन-रोड दोन लाखांच्या आसपास, जुनी गाडी घ्यायचीही तयारी आहे. ड्युअल-स्पोर्ट, म्हणजे डांबरी आणि माती दोन्हींवर चालणारी उंच गाडी, घ्यायचं मनात पक्कं आहे. मित्र मात्र म्हणतात, १७ इंची चाकं टाकून तिची सुपरमोटो कर, रस्त्याला तीच बरी. या तरुणाने विचारलंय की यातलं काय टिकेल आणि रोज चालवायला काय जमेल.

बेळगावात गॅरेज चालवून मला २३ वर्षं झाली. जांबोटी, कणकुंबी, नंदगड, लोंढा या बाजूच्या गाड्या माझ्याकडे जास्त येतात, त्यामुळे हा रस्ता मला गाड्यांच्या पोटातून माहीत आहे. उत्तर जरा लांब होईल.

आधी हिशेब मांडू. ७० किलोमीटर, महिन्याला २६ दिवस, म्हणजे १,८२० किलोमीटर. वर्षाला जवळजवळ २२,०००. टिळकवाडीत राहून कॅम्पात नोकरीला जाणारा माणूस तीन वर्षांत चालवेल तेवढं तुम्ही एका वर्षात चालवणार. यातलं रोज ८ किलोमीटर कच्चं आणि ६२ डांबरी. ड्युअल-स्पोर्टच्या जाहिरातीत गाडी दगडांवरून उडताना दिसते. तुमची गाडी दहातले नऊ किलोमीटर बस आणि टिप्परच्या मागे डांबरीवर असणार, आणि उरलेला एक किलोमीटर जुलैच्या चिखलात. निवड या दोन्हींना धरून करायची.

विश्वासू गाडी कोणती, याची माझी कसोटी साधी आहे. जिची क्लच केबल, ब्रेक शू किंवा पॅड, चेन सेट आणि ट्यूब बेळगावात त्याच दिवशी हातात पडते, आणि जिला उघडायला गावातल्या मेस्त्रीला लॅपटॉप लागत नाही, ती विश्वासू. इंजिन कितीही चांगलं असो, एका लिव्हरसाठी १२ दिवस थांबावं लागलं तर तुमचे १२ दिवस बसच्या मागे धावण्यात जातात. शिफ्ट सुटल्यावर रात्री जांबोटीच्या बाजूला बस कितीशा असतात, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

आता सुपरमोटोचं बोलू, कारण मित्रांच्या सल्ल्यातला हा भाग मला काळजीचा वाटतो.

सुपरमोटो हा प्रकार १९७९ साली अमेरिकेत टीव्हीसाठी भरवलेल्या एका शर्यतीतून आला. डांबरी आणि मातीचा मिळून ट्रॅक होता, आणि सगळ्या प्रकारच्या स्वारांमधून उत्तम कोण ते ठरवायचं होतं. त्यातून मातीच्या गाडीला रस्त्याची रुंद चाकं लावायची रीत पडली. गाडी हलकी, हँडल रुंद, सस्पेन्शन लांब आणि खाली चिकटून धरणारे १७ इंची टायर. चांगल्या डांबरीवर अशी गाडी चालवायला खरंच सुरेख असते. गल्लीबोळात, सर्कलवर, घाटाच्या वळणांवर तिला तोड नाही. फक्त ती कंपनीतून तशी बनून आलेली असली पाहिजे. फोर्कचा (पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांचा) कोन, स्प्रिंगचा कडकपणा, ब्रेक डिस्कचा आकार हे सगळं त्या चाकांसाठीच मोजून ठरवलेलं असतं.

आपल्याकडे बहुतेक मुलं २१ आणि १८ इंची गाडी घेतात आणि बाहेरून १७ इंची रिम बसवतात. त्यात काय होतं ते आकड्यांत बघा. पुढचा ९०/९०-२१ टायर धरला तर चाकाचा एकूण व्यास साधारण ६९५ मिलिमीटर येतो. ११०/७०-१७ लावला की तो ५८६ वर येतो. म्हणजे गाडीचं नाक ५ सेंटिमीटरहून जास्त खाली बसलं. मागे १२०/८०-१८ काढून १४०/७०-१७ घातला तर मागची बाजू जेमतेम १ सेंटिमीटर उतरते. गाडी पुढे वाकली, फोर्क उभा झाला, हँडल हलकं आणि चंचल झालं. सर्कलवर मजा येते, पण ८० च्या वेगाला एखादा पॅच आला की तेच हँडल थरथरतं. स्पीडोमीटर पुढच्या चाकावरून चालत असेल तर तो १८ टक्क्यांच्या आसपास जास्त वेग दाखवतो, आणि किलोमीटरही तेवढेच फुगतात. एबीएसला (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेला) चाकाच्या फिरण्यावरूनच सगळं कळत असतं, त्याचंही गणित बदलतं.

काही वर्षांपूर्वी अशी चाकं मी स्वतः एका गाडीला बसवून दिली होती. मुलगा टिळकवाडीचा, हुशार, गाडी जिवापाड जपणारा. मी त्याला बजावलं होतं, पण काम केलं ते मीच. जुलैत देसूरच्या अलीकडे पाण्याने भरलेला खड्डा त्याला दिसला नाही. २१ इंची चाक त्या खड्ड्यावरून ठेच खाऊन पुढे गेलं असतं. १७ इंची चाक आत उतरलं आणि समोरच्या काठावर आदळलं. रिम माझ्याकडे आली तेव्हा तिच्या कडेला अंगठा बसेल एवढी पोच होती आणि ट्यूबवर समांतर दोन चिरा, साप चावल्यासारख्या. गळ्याजवळचं हाड मोडून तो सहा आठवडे घरी बसला. विम्याच्या माणसाने गाडी बघितली आणि पहिला प्रश्न चाकांचाच विचारला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाही, आणि क्लेमच्या वेळी हे कलम बरोबर समोर येतं. त्या दिवसापासून मी रोजच्या गाडीला चाकं बदलून देत नाही. कुणी रागावलं तरी नाही.

तेव्हा जांबोटी रस्त्याला सुपरमोटो नको, हे माझं स्पष्ट मत. बेळगाव शहरात राहून शहरातच फिरणाऱ्याने विचारलं असतं तर उत्तर वेगळं दिलं असतं, आणि तेही कंपनीतून १७ इंची चाकांवर आलेल्या गाडीपुरतं. उदाहरणार्थ हिरोच्या एक्सपल्स २०० चीच बहीण २००टी. तेच इंजिन, १७ इंची अलॉय चाकं, सीट ८०० मिलिमीटरच्या आत. जुन्या बाजारात चांगली मिळाली तर शहराला ती शहाणी गाडी आहे.

आता तुमच्यासाठी गाड्या. हिरोने २०११ मध्ये इम्पल्स आणली होती, १५० सीसीची. आपल्याकडच्या साध्या माणसाला परवडणारी ती पहिली ड्युअल-स्पोर्ट म्हणायला हरकत नाही. ती बंद झाली, आणि २०१९ मध्ये एक्सपल्स २०० आली. पुढे २०२१ मध्ये तिचं चार व्हॉल्व्हचं इंजिन आलं. १९९.६ सीसी, हवेवर थंड होणारं, जोडीला ऑइल कूलर, १९ पीएसच्या आसपास ताकद. सीट ८२५ मिलिमीटर, खालची उंची (जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंत) २२० मिलिमीटर, टाकी १३ लिटर, पुढे २१ आणि मागे १८ इंची स्पोकची चाकं. तुमच्या वापराला माझी पहिली पसंती या गाडीच्या साध्या मॉडेलला आहे. इंजिन शांत आहे, उघडायला सोपं आहे, आणि हिरोचे स्पेअर तालुक्याच्या गावीही मिळतात. १०० च्या वर तिला ताणू नका. तिथे ती दमते, आणि तुमच्या रस्त्यावर तेवढा वेग लागतही नाही.

याच गाडीचं प्रो नावाचं मॉडेल आहे, त्याच्या वाटेला जाऊ नका. सीट ८९१ मिलिमीटर, खालची उंची २७० मिलिमीटर. रॅलीच्या स्वारासाठी ती उत्तम आहे. आईला मात्र तिच्यावर चढायला स्टूल लागेल.

२०२५ मध्ये आलेली एक्सपल्स २१० ही २१० सीसी, लिक्विड-कूल्ड, सहा गिअरची, २४.६ पीएसची. हायवेवर ती २०० पेक्षा बरीच मोकळी पळते आणि दोन्ही चाकांना एबीएस आहे. निपाणी, संकेश्वर, काकती असं रोज हायवेवरून येणाऱ्याला मी हीच सांगेन. तुमच्या रस्त्याला त्या जास्तीच्या ताकदीचा उपयोग थोडा, आणि रेडिएटर, होस, पंखा हे चिखलात सांभाळायचे भाग वाढतात. रेडिएटरच्या जाळीत तांबडी माती भरली की ती बाहेरून हलक्या पाण्याने धुवावी लागते. वॉशिंगवाल्याने जोराचा फवारा मारला तर जाळीच्या बारीक पात्या वाकून बसतात.

सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स खरं तर ड्युअल-स्पोर्ट नाही, पण तुमच्या यादीत हवी. २४९ सीसी, ऑइल-कूल्ड, २६.५ पीएस, पुढे १९ आणि मागे १७ इंची अलॉय चाकं, ट्यूबलेस टायर. डांबरी ६२ किलोमीटरला हिच्यासारखी आरामशीर गाडी या गटात मला दुसरी दिसत नाही. पंक्चर झालं तर पाच मिनिटांत वात घालून पुढे निघता येतं. खालची उंची २०५ मिलिमीटर आहे, म्हणजे साधा कच्चा रस्ता ती निभावते. तुमचा ४ किलोमीटरचा तुकडा फक्त खडबडीत असेल तर हिचा विचार नक्की करा. त्यात चाकोऱ्या पडत असतील, नाल्यातून जावं लागत असेल तर अलॉय चाक दगडावर आपटून तडकायची भीती राहते. स्पोकचं चाक वाकतं, आणि वाकलेलं सरळ करता येतं. रस्ता तुम्हालाच माहीत, निर्णय तुम्हीच घ्या.

कावासाकीची केएलएक्स २३० ही सगळ्यांत अस्सल मातीची गाडी, वजन अवघं १३९ किलो. पण सीट ८८० मिलिमीटर आणि टाकी ७.६ लिटर. रोज ७० किलोमीटर चालवणाऱ्याला तिसऱ्या दिवशी पंप शोधावा लागेल. केटीएम ३९० एन्ड्युरो आरचंही तसंच, सीट ८६० मिलिमीटर, टाकी ९ लिटर. हिमालयन ४५० मोठी, भारी, लांबच्या प्रवासाची गाडी. ३५० सीसीच्या वरच्या गाड्यांना सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ४० टक्के झाला आणि त्याखालच्यांना १८ टक्के, त्यामुळे बजेटही आपोआप बोलतं. जुनी हिमालयन ४११ मात्र लक्षात ठेवा. सीट ८०० मिलिमीटर, त्यामुळे कमी उंचीच्या स्वाराला आणि मागे बसणाऱ्याला सोयीची. वजन १९९ किलो आहे, आणि चिखलात आडवी झालेली ती गाडी एकट्याने उचलायला कंबर घट्ट लागते.

उंचीबद्दल घाबरू नका, पण शोरूममध्ये फसूही नका. कॅटलॉगमधली सीटची उंची रिकाम्या गाडीची असते. तुम्ही बसलात की लांब सस्पेन्शनची गाडी तीन-चार सेंटिमीटर खाली बसते. तुमच्या उंचीला ८२५ च्या सीटवर एका पायाचा चवडा नीट टेकेल, दोन्ही पाय सपाट टेकणार नाहीत. तेवढं पुरतं, सवय पंधरा दिवसांत होते. खरी परीक्षा आई मागे असताना, उताराला, डावीकडे खोलगट असलेल्या कडेला थांबायची. म्हणून टेस्ट राइडला आईला घेऊन जा. गाडी साइड स्टँडवर असताना त्यांना चढता येतं का ते बघा. फुटरेस्टवर पाय ठेवून, तुमच्या खांद्याला धरून चढायचं. गाडी चढताना पुढे सरकू नये म्हणून ती पहिल्या गिअरमध्ये ठेवा. आणि साडीगार्ड लावल्याशिवाय गाडी शोरूममधून बाहेर काढू नका. दिसायला बरं नाही म्हणून मुलं ते काढून टाकतात. मागच्या बाजूची पकड, फुटरेस्ट आणि चाकाचा अर्धा भाग झाकणारं संरक्षण हे केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ मध्येच आहे. साडीचा पदर स्पोकमध्ये गेल्यावर काय होतं ते मी एकदा पाहिलंय, पुन्हा पाहायचं नाही.

गाडी खाली करणाऱ्या लिंक बाजारात मिळतात, त्या लावू नका. मागून गाडी उतरते, पण साइड स्टँड तेवढाच लांब राहतो. गाडी जवळजवळ उभी राहते आणि वाऱ्याच्या झोताने पलीकडे पडते. त्यापेक्षा सीटवाल्याकडून सीटच्या पुढच्या भागाचा फोम दोन्ही कडांना थोडा तासून घ्या. पाय सरळ खाली जातात, आणि सीट जवळजवळ २ सेंटिमीटर कमी असल्यासारखी वाटते.

टायर. शोरूममधून येतात ते अर्धे रस्त्याचे, अर्धे मातीचे असतात. तेच ठेवा. मोठ्या गोट्यांचे टायर लावले तर डांबरीवर ते महिन्यांत झिजतात, आणि ओल्या डांबरीवर ब्रेक मारला की पुढचं चाक हातातून जातं. तांबड्या मातीचा चिखल तसा निसरडा, पण चाकाला चिकटून राहत नाही. पूर्वेकडे बैलहोंगल, सौंदत्तीच्या बाजूला काळी माती आहे. ती मडगार्डच्या आत भरून चाकच जाम करते. त्या बाजूच्या वाचकांनी पुढचं मडगार्ड उंच असलेलीच गाडी घ्यावी.

स्पोकच्या चाकात बहुतेक गाड्यांना ट्यूब असते. पंक्चर काढायला चाक खोलावं लागतं, अर्धा-पाऊण तास जातो. २१ इंची ट्यूब रस्त्याकडेच्या दुकानात असेलच असं नाही. एक पुढची आणि एक मागची नवी ट्यूब, टाल्कम पावडर लावून, जाड पिशवीत सीटखाली किंवा मागच्या रॅकवर कायम ठेवा. दर सोमवारी हवा बघा. हवा फार कमी झाली की टायर रिमवर सरकतो, ट्यूबही त्याच्याबरोबर ओढली जाते आणि व्हॉल्व्ह मुळातून तुटतो. व्हॉल्व्ह तिरका दिसला की ट्यूब सरकली म्हणून समजा.

चेनबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण चांगल्या गाड्या इथेच खराब होतात. आपल्याकडचे मेस्त्री साध्या १०० सीसी गाड्यांवर शिकलेले. चेन थोडी झोलदार दिसली की ताणून मोकळे होतात. लांब सस्पेन्शनच्या गाडीत हे घातक आहे. मागचं चाक दबताना पुढचं छोटं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक), स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा) मुख्य बोल्ट आणि मागची एक्सल एका सरळ रेषेत येतात. त्या क्षणी पुढच्या आणि मागच्या स्प्रॉकेटमधलं अंतर सर्वांत जास्त असतं, म्हणजे चेन सर्वांत ताठ असते. रिकाम्या गाडीवर चेन टाइट केली असेल तर दोघं बसून खड्ड्यात गाडी दबली की चेनला जागाच उरत नाही, आणि सगळा ताण गिअरबॉक्सच्या शाफ्टवर जातो. आधी ऑइल सील गळतं, मग बेअरिंग वाजायला लागतं, आणि मग इंजिन खोलायचा खर्च. स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर किंवा पुस्तिकेत झोल किती ठेवायचा ते मिलिमीटरमध्ये लिहिलेलं असतं, आणि साध्या गाडीपेक्षा तो जास्त असतो. मेस्त्रीला सांगा, तेवढाच ठेव. शंका आली तर तुम्ही आणि अजून एक जण गाडीवर बसा आणि तिसऱ्याला चेन बोटाने हलवून बघायला सांगा. तेव्हाही ती थोडी हललीच पाहिजे. पावसाळ्यात दर चार-पाच दिवसांनी, रात्री गाडी लावताना, इंजिन बंद करून चाक हाताने फिरवत चेनच्या आतल्या बाजूने ९० नंबरचं गिअर ऑइल सोडा. चेन कोमट असते, रात्रभरात तेल मुरतं.

एअर फिल्टरचंही तसंच. मे महिन्यात तुमच्या रस्त्यावर तांबडा धुरळा पावडरीसारखा उडतो. पुस्तिकेत फिल्टर साफ करायचं जे अंतर दिलंय, त्याच्या अर्ध्यावर तो बघा.

जुनी गाडी बघायला जाल तेव्हा रंग आणि किलोमीटरचा आकडा शेवटी बघा. आधी फिल्टरचं झाकण उघडा, फिल्टर काढा आणि इंजिनकडे जाणाऱ्या नळीच्या आतून बोट फिरवा. बोटाला तांबडी धूळ लागली तर ती धूळ इंजिनातही गेलेली आहे, आणि पिस्टन-रिंग तिने खाल्लेली आहे. ती गाडी तिथेच सोडा, मालक कितीही गोड बोलू दे. बोट स्वच्छ आलं तर पुढे जा. पुढचं चाक उचलून हँडल अगदी सावकाश या टोकाहून त्या टोकाला न्या. मध्यभागी येताना बारीक खाच लागली तर कोनसेट (हँडलचं बेअरिंग) गेला. फोर्कच्या चकचकीत पाइपवर बोट फिरवा, तेलाचं कडं दिसलं तर सील गेलंय. पानाने एकेक स्पोक हळूच वाजवा. सगळे साधारण एका सुरात टण वाजले पाहिजेत. जो ठप वाजेल तो सैल, आणि असे चार-पाच सलग लागले तर रिमला मार बसलेला आहे. मागच्या स्प्रॉकेटवरून चेन मागे ओढून बघा, अर्धा दात उघडा पडला तर चेन सेटचे पैसे किमतीतून वजा करा. हेडलाइटच्या मागे हात घालून वायरचे कपलर बघा. ते हिरवट पडले असतील तर गाडी पाण्यात बुडालेली असू शकते.

सीमाभागात एक खास फसगत होते, तीही सांगतो. बाचीच्या पुढे शिनोळी ओलांडली की एमएच-०९ च्या गाड्या दिसतात, चंदगड-कोल्हापूरकडच्या, आणि त्या स्वस्त वाटतात. गाडी बेळगावच्या केए-२२ वर आणायची तर तिकडच्या आरटीओची फॉर्म २८ वर एनओसी लागते, कर्ज असेल तर बँकेचा फॉर्म ३५ लागतो, मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०, आणि कर्नाटकात आजीव कर पुन्हा भरावा लागतो. आपल्याकडचा कर महाराष्ट्रापेक्षा जड आहे. दुसऱ्या राज्याची गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ इथे ठेवायची तर कलम ४७ प्रमाणे नवा नंबर घ्यावाच लागतो. तिकडे भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो, पण ते काम गाडीच्या पहिल्या मालकाच्या सहीवर अडतं. हा सगळा खर्च लिहून काढा, मग किंमत बोला. खरेदीनंतर १४ दिवसांच्या आत विमा स्वतःच्या नावावर करायला अर्ज द्या. "पुढच्या महिन्यात करू" म्हणणारे गॅरेजात दर आठवड्याला भेटतात. जुन्या गाड्यांत २०२० च्या एप्रिलनंतरची बीएस-६ बघा, २०२३ नंतरची मिळाली तर आणखी चांगलं, कारण ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलला चालतील असे रबर आणि नळ्या त्या काळापासून सर्रास येऊ लागल्या.

सांभाळायच्या दोन गोष्टी. पहिली पावसाळ्याची. नाल्याच्या फरशीवरून पाणी वाहत असेल आणि चाकाच्या मधल्या हबच्या वर जात असेल तर अलीकडेच थांबा. खालची उंची २२० असो की २७०, वाहतं पाणी गाडी आडवी ढकलतं. आणि चुकून गाडी पाण्यात पडून बंद झाली तर स्टार्टर दाबू नका. सिलिंडरमध्ये गेलेलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढा, गाडी उंच गिअरमध्ये ढकलून आतलं पाणी बाहेर उडू द्या, एअर फिल्टरचा डबा रिकामा करा, आणि ऑइल दुधाळ दिसतंय का ते इंजिनवरच्या काचेच्या खिडकीतून बघा. दुधाळ असेल तर ऑइल बदलल्याशिवाय चालू करायची नाही.

दुसरी गोष्ट रात्रीची. भीमगड अभयारण्याच्या कडेने गवे रस्त्यावर येतात, आणि गव्याचे डोळे लाइटमध्ये दिसेपर्यंत तो फार जवळ आलेला असतो. सेकंड शिफ्ट सुटून येताना जांबोटीच्या पुढे ४० च्या वर जाऊ नका. जास्तीचे लाइट लावायचे असतील तर रिले आणि फ्यूजसह, बॅटरीवरून वेगळी वायर ओढून लावा. मूळ वायरिंग कापून जोडलेले लाइट पहिल्याच पावसात गाडी बंद पाडतात.

नव्याचा निर्णय झाला तर शोरूममध्ये ऑन-रोड आकडा सुटासुटा लिहून मागा: गाडी, कर, विमा, आणि त्यांनी परस्पर जोडलेल्या ॲक्सेसरीज. त्यातून इंजिनखालची प्लेट, हँडगार्ड आणि साडीगार्ड एवढंच ठेवा. बाकीचं काढायला सांगा आणि त्या पैशांत घोट्याच्या वर येणारे बूट घ्या. पहिली सर्व्हिस झाल्यावर एकदा गाडी घेऊन या, स्पोक सुरुवातीच्या हजार किलोमीटरमध्ये थोडे सैल पडतात. मी तुमच्या समोर स्पोक ताणून चाक सरळ (ट्रू) करून देतो आणि चेनचा झोल कसा मोजायचा ते तुमच्याच हाताने करून घेतो.